आधी हात, मग मोटर. आणि मोटरीच्या आधी वारा
सूर्यामागे प्लेटा फिरवणाऱ्या घरगुती यंत्राची हकीकत आणि हिशोब

२०२३ च्या मे महिन्यातील एका संध्याकाळी मला फोन आला. "साहेब, वळवानं सांगाडा पिळला. एका प्लेटेची काच गेली. जमलं तर येऊन बघा." फोन करणारा आमच्या भागातील एक पंचविशीतला शेतकरी. आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन झालेला, वडिलांची अडीच एकर जमीन आणि त्यात मिरची-टोमॅटोच्या रोपांची लहानशी नर्सरी. विहिरीवर अर्ध्या अश्वशक्तीचा डीसी पंप आणि त्याला प्रत्येकी ३३० वॅटच्या दोन सोलर प्लेटा. त्याने स्वतःच्या डोक्याने या प्लेटा दिवसभर सूर्यामागे फिरतील असे यंत्र केले होते. त्याच वर्षी मार्चमध्ये मीच गावच्या बैठकीत ते यंत्र चाळीस-पन्नास शेतकऱ्यांना दाखवले होते. सगळ्यांनी कौतुक केले. खर्च किती, मोटर कुठली, वायर किती लागली, सगळे विचारून झाले. वारा आला तर काय, हा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही. ज्याने विचारायला हवा होता, तो मीही विचारला नाही.

त्यानंतर त्या पोराने ते यंत्र पुन्हा नव्याने उभे केले. ते आता दोन वळवाचे हंगाम पाहून उभे आहे. त्यातून जे कळले ते शेतकरी बंधूंसमोर आणि ग्रामपंचायतीत काम करणाऱ्या मंडळींसमोर ठेवावे, म्हणून हा लेख. असे यंत्र करावे की नाही, करायचे तर कसे, आणि कुठे त्याच्या नादी लागू नये, हे तिन्ही यात आहे.

प्लेट फिरवायची कशासाठी?

पृथ्वी चोवीस तासांत एक फेरा घेते, म्हणून सूर्य आपल्याला तासाला १५ अंश सरकलेला दिसतो. प्लेट एकाच दिशेला बसवली की ऊन तिच्यावर सकाळी तिरपे, दुपारी सरळ आणि संध्याकाळी पुन्हा तिरपे पडते. ऊन जितके तिरपे तितकी वीज कमी. पण हे कमी होणे सारखे नसते, आणि हीच गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. सूर्याच्या रोखापासून प्लेट १० अंश चुकली तर तोटा जेमतेम दीड टक्का. ३० अंश चुकली तर सुमारे १३ टक्के. ६० अंश चुकली तर मात्र निम्मी वीज जाते. म्हणजे थोडी चूक प्लेट पोटात घालते, मोठी चूक घालत नाही.

दिवसभर सूर्यामागे फिरणाऱ्या प्लेटेला, एका जागी बसवलेल्या प्लेटेपेक्षा वर्षाकाठी साधारण १५ ते २५ टक्के वीज जास्त मिळते. हा फायदा स्वच्छ उन्हाच्या दिवसांतला. पावसाळ्यात आभाळ भरलेले असताना उजेड सगळ्या बाजूंनी सारखाच येतो. तेव्हा प्लेट फिरवून उपयोग नाही. उलट आडवी ठेवलेली बरी.

पंपाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. बल्ब कमी विजेवर मंद का होईना, पेटतो. पंपाचे तसे नाही. ठरावीक जोर आल्याशिवाय पाणी विहिरीतून वर चढतच नाही. सकाळी आठला प्लेटेवर तिरपे ऊन असते, मोटर फिरते, पण पाइपातून पाणी येत नाही. तेच ऊन सरळ घेतले तर पंप लवकर धरतो आणि संध्याकाळी उशिरा सोडतो. रोपवाटिकेला पाणी लागते ते सकाळी. म्हणून या पोराच्या डोक्यात हे खूळ शिरले, आणि ते चुकीचे नव्हते.

आधी हाताने

मोटरीच्या गोष्टीआधी हाताची गोष्ट सांगतो, कारण बहुतेकांचे काम तेवढ्यावर भागते. सोलर पंपाच्या जुन्या सरकारी मानकांतही पाण्याचे जे आकडे दिलेले असत, ते दिवसातून तीनदा प्लेटा फिरवल्या जातील असे धरूनच. अनेक सांगाड्यांना त्यासाठी खिट्टी आणि भोके दिलेली असतात. शेतात जाऊन पाहिले तर ती खिट्टी गंजून बसलेली दिसते. बसवल्या दिवसापासून कोणी हललेली पाहिलेली नसते.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात सूर्य डोक्यावर येतो तो घड्याळात बारा वाजता नव्हे. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, आणि आपण आहोत पावणेपंच्याहत्तरच्या आसपास. एका अंशाला चार मिनिटे, म्हणजे आपली खरी दुपार साधारण साडेबाराला होते. फेब्रुवारीत ती पाऊण वाजेपर्यंत लांबते, नोव्हेंबरच्या सुरुवातीला सव्वाबारापर्यंत अलीकडे येते. म्हणून साडेबारा धरून चालावे.

आता सांगाडा उत्तर-दक्षिण आसावर बसवला असेल तर सकाळी प्लेट पूर्वेकडे ४० अंश कलती ठेवा. अकराला मधे आणा. दोन वाजता पश्चिमेकडे ४० अंश कलवा. एवढे केले तर सकाळी साडेआठपासून दुपारी साडेचारपर्यंत चूक २० ते २२ अंशांच्या आत राहते. तोटा सात-आठ टक्क्यांच्या पुढे जात नाही. म्हणजे फिरवण्याच्या फायद्यातला मोठा वाटा बिनपैशात मिळाला. ज्याचे घर शेतातच आहे, त्याने मोटरीचा विचारही करू नये.

मोटर लागते ती दुपारी दोन वाजता शेतात कोणी नसते म्हणून. या पोराचेही तसेच होते. तो दुपारी रोपे पोचवायला बाहेर, वडिलांचे गुडघे धरलेले, आणि गड्याला रोज आठवण करावी लागे.

पहिले यंत्र : दोन डोळे

पहिल्या यंत्रात त्याने गाडीच्या वायपरची जुनी मोटर वापरली. तिच्यावर सायकलचे दातेरी चक्र आणि चेन. चेन फिरली की प्लेटांचा आस फिरे. मोटर कधी आणि कुठे फिरवायची हे ठरवायला त्याने दोन एलडीआर लावले. उजेड पडला की ज्याचा विद्युतरोध कमी होतो असा हा वाटाण्याएवढा भाग. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात थोड्या पैशांत मिळतो. दोघांच्या मधे पत्र्याची उभी भिंत. सूर्य समोर असला तर दोन्ही डोळ्यांवर सारखे ऊन. सूर्य पश्चिमेला सरकला की भिंतीची सावली पूर्वेच्या डोळ्यावर पडते. एलएम ३५८ नावाची आठ पायांची आयसी दोन्हींची तुलना करते आणि रिलेमार्फत मोटर पश्चिमेकडे फिरवते. सारखे ऊन झाले की थांबते.

कल्पना चांगली, पुस्तकात असते तशीच. शेतात मात्र तिला शेताच्या अडचणी आल्या. पहिली ढगांची. पांढरा ढग कडेने गेला की त्याचा उजेड सूर्याहून भलतीकडे, आणि मोटर इकडून तिकडे नाचायला लागे. दोन्ही डोळ्यांत थोडा फरक असला तरी मोटरीने हलू नये अशी सवलत आयसीच्या जोडणीत ठेवावी लागते. ती त्याने नंतर ठेवली. दुसरी अडचण पाखरांची. एका डोळ्यावर साळुंकीची विष्ठा पडली आणि प्लेटा दिवसभर भलत्याच दिशेला तोंड करून बसल्या. तिसरी पहाटेची. संध्याकाळी पश्चिमेला गेलेल्या प्लेटा सकाळी पूर्वेकडे वळेनात, कारण सूर्य त्यांच्या पाठीमागून उगवे आणि दोन्ही डोळे सावलीत. त्यासाठी पाठीला तिसरा डोळा बसवावा लागला. एकेक दुरुस्ती करत यंत्र चालू झाले. पूर्वी दुपारी एकपर्यंत भरणारी दोन हजार लिटरची टाकी त्या उन्हाळ्यात बाराच्या सुमारास भरू लागली. मी बैठक घेतली ती याच वेळी.

वारा

आता वाऱ्याचा हिशोब पाहा. तो मी नंतर केला, आधी करायला हवा होता. ताशी १०० किलोमीटरचा वारा समोरून आला तर एका चौरस मीटरवर सुमारे ४७ किलोचा रेटा पडतो. एक प्लेट साधारण दोन चौरस मीटर, म्हणजे दोन प्लेटांवर १८० ते १९० किलो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो. आणि एका जागी पक्क्या बसवलेल्या सांगाड्याला चार पाय असतात. फिरणाऱ्या सांगाड्यात हा सगळा रेटा आसावर आणि त्याला धरून ठेवणाऱ्या एका भागावर येतो. आपल्या यंत्रात तो भाग होता सायकलची चेन.

वळीव आला तेव्हा दुपारचे साडेतीन-चार वाजले होते. प्लेटा पश्चिमेकडे तोंड करून उभ्या, आणि वाराही पश्चिमेचाच. चेन ढिली होती. वाऱ्याने प्लेटा आधी फडफडल्या, मग चेन तुटली. सुटलेला सांगाडा गर्रकन उलटून खांबावर आपटला. एका प्लेटेची काच तडकली, वेल्डिंग दोन ठिकाणी सुटले. जवळ माणूस किंवा जनावर नव्हते, हे नशीब. मी गेलो तेव्हा वडील ओट्यावर बसले होते. म्हणाले, "साहेब, तुम्ही चार लोकांपुढं दाखवलं, आम्हाला वाटलं पक्कं असंल." ते रागाने बोलले नाहीत, म्हणून जास्त लागले. त्या महिन्यात बैठकीतल्या सगळ्यांना फोन करून मी सांगितले, यंत्र बघितले ते करू नका, थांबा. एकाने मोटर आणून ठेवली होती. त्याने ती परत कपाटात ठेवली.

दुसरे यंत्र : घड्याळ आणि जॅक

नव्या यंत्रात तीन गोष्टी बदलल्या.

पहिली, चेन गेली आणि जॅक आला. आत आटे असलेला लांब दांडा मोटरीने फिरतो आणि नळी पुढे-मागे सरकते. पूर्वी मोठ्या डिश अँटेना फिरवायला असे ३६ व्होल्टचे जॅक वापरत. भंगारात मिळाला तर तोही चालतो, कमी व्होल्टवर सावकाश फिरतो. याने १२ व्होल्टचा नवा घेतला. आट्यांच्या जॅकचा गुण असा, की मोटर बंद असताना बाहेरून कितीही ढकलले तरी तो सहसा मागे फिरत नाही. वारा प्लेटेला ढकलतो, पण आटे सोडत नाहीत.

दुसरी, आस मधोमध आणला. दोन्ही प्लेटांचे वजन आसाच्या दोन्ही बाजूंना सारखे पडले पाहिजे. जॅक काढून ठेवला असताना प्लेटा एका बोटाने फिरल्या आणि कुठेही सोडल्या तरी तिथेच थांबल्या, तर तोल बरोबर. जॅकला वजन उचलायला लावू नये, फक्त ढकलायला लावावे.

तिसरी, डोळे काढले आणि घड्याळ बसवले. सूर्य कुठे असेल हे पाहायला डोळा लागत नाही. घड्याळाला ते ठाऊक असते. आर्डुइनो नावाचा प्रोग्रॅम भरता येणारा बोर्ड आणि डीएस ३२३१ नावाचे घड्याळाचे छोटे सर्किट, एवढे पुरे. घड्याळाला बटणासारखा सेल असतो, त्यामुळे वीज गेली तरी वेळ चुकत नाही. त्यावर ना ढगाचा परिणाम, ना पाखराचा.

काम असे चालते. प्लेटेची हालचाल पूर्वेला ४५ आणि पश्चिमेला ४५ अंश. सकाळी साडेनऊपर्यंत प्लेट पूर्वेच्या टोकाला थांबते. तेथून दर अर्ध्या तासाने साडेसात अंश सरकते. साडेबाराला आडवी, साडेतीनला पश्चिमेच्या टोकाला. सगळ्या मिळून १३ जागा. अर्ध्या तासाची चूक म्हणजे साडेसात अंश, तिचा तोटा एक टक्काही नाही. म्हणून मिनिटा-मिनिटाला फिरवण्याचा हव्यास धरू नये. जितकी हालचाल कमी तितकी झीज कमी.

जॅक किती सेकंद चालवला की प्लेट किती अंश फिरते, हे सगळीकडे सारखे नसते. टोकाला आणि मधे फरक पडतो. त्याने शाळेच्या कंपास पेटीतला कोनमापक आणि ओळंबा घेऊन तेराही जागांचे सेकंद मोजून वहीत लिहिले आणि तेच प्रोग्रॅममध्ये भरले. सेकंदांच्या मोजणीत रोज थोडी चूक साठत जाते. म्हणून संध्याकाळी प्लेट पूर्वेच्या टोकाच्या स्विचला टेकवून मोजणी शून्य करायची, मग मधे आणून रात्रभर आडवी ठेवायची. सकाळी पुन्हा पूर्वेला. आदल्या दिवसाची चूक दुसऱ्या दिवशी उरत नाही.

जोडणी

ज्यांना स्वतः करायचे आहे त्यांच्यासाठी मुख्य मुद्दे देतो. वायरिंगचा हात नसेल तर जाणकाराला सोबत घ्यावे.

१) मोटर दोन्हीकडे फिरवायला दोन रिले लागतात. मोटरीची एक वायर पहिल्या रिलेच्या मधल्या टोकाला, दुसरी दुसऱ्या रिलेच्या मधल्या टोकाला. दोन्ही रिलेंचे नेहमी उघडे असणारे टोक बॅटरीच्या अधिक बाजूला, नेहमी जुळलेले टोक उणे बाजूला. पहिला रिले ओढला की मोटर एकीकडे, दुसरा ओढला की उलटीकडे. दोन्ही बंद असले तर मोटर थांबते, आणि चुकून दोन्ही एकदम ओढले गेले तरीही मोटर थांबते, शॉर्ट होत नाही. या जोडणीचे मोल यातच आहे. प्रोग्रॅम चुकेल, पण वायर जळणार नाही.

२) बॅटरीच्या अधिक वायरीत, बॅटरीच्या जवळच फ्यूज. जॅक तीन अँपिअर खात असेल तर पाच अँपिअरचा फ्यूज पुरे.

३) दोन्ही टोकांना लिमिट स्विच हवेतच. बऱ्याच नव्या जॅकमध्ये ते आतच असतात. बाहेरून लावायचे तर प्रत्येक स्विच मोटरीच्या वायरीत घाला आणि त्याला समांतर सहा अँपिअरचा डायोड जोडा. टोक आले की स्विच उघडतो आणि मोटर थांबते. डायोडमुळे उलट दिशेची वाट मात्र मोकळी राहते. डायोड उलटा बसला तर मोटर टोकाला थांबणारच नाही. म्हणून सांगाड्याला जोडण्याआधी टेबलावर तपासा.

४) रिलेच्या कॉइलवर १ एन ४००७ डायोड उलटा जोडा. रिले सुटताना उसळणारा विजेचा झटका बोर्ड बिघडवतो, तो हा डायोड गिळतो.

५) दिशा बदलताना मधे एक सेकंद थांबा. आणि ठरलेल्या वेळेपेक्षा मोटर जास्त चालली तर सगळे बंद होऊन लाल दिवा लागेल असे प्रोग्रॅममध्ये ठेवा. फांदी अडकली, आस जाम झाला, तर मोटर जळण्याआधी थांबते.

६) या यंत्राला वेगळी १२ व्होल्टची सात अँपिअर-तासाची बॅटरी आणि २० वॅटची लहान प्लेट, मधे चार्ज कंट्रोलर. जॅक दिवसभरात चार-पाच मिनिटेच चालतो, म्हणजे फार तर तीन वॅट-तास. बोर्ड रात्रंदिवस जागा असतो, त्यामुळे तोच जास्त खातो.

७) पेटी सावलीत, खांबाच्या उत्तर बाजूला. वायरी खालून आत घ्या, वरून नको. भोके सील करा. मुंग्या आणि पाली यांनी जितके बोर्ड घालवले तितके पावसाने नसतील.

८) आणि सर्वांत महत्त्वाचा एक साधा स्विच. पेटीच्या बाहेर, लहान पोराचाही हात पोचेल असा. तो दाबला की यंत्र घड्याळ विसरते आणि प्लेटा आडव्या करून थांबते. त्याने त्यावर तेलरंगाने "वादळ" असे लिहिले आहे. हा स्विच बोर्डातून नेऊ नका. थेट मोटरीशी जोडा आणि मधल्या जागेवर थांबवणारा तिसरा लिमिट स्विच त्याला लावा. बोर्ड बंद पडला असला तरी प्लेटा आडव्या झाल्या पाहिजेत. आडवी प्लेट वाऱ्याला कमीत कमी अंग दाखवते. मात्र सांगाड्याचा पायाही सिमेंटमध्ये पक्का हवा; आडवी प्लेट खालून उचलली जाते.

चार आण्याची कोंबडी

आता पैशाचे बोलू. दुसऱ्या यंत्राला जॅक, बोर्ड, घड्याळ, रिले, बॅटरी, लहान प्लेट, पेटी असे मिळून त्याला आठ हजारांच्या वर लागले. सांगाडा घरच्या लोखंडातला आणि मजुरी स्वतःची. फायदा किती? ६६० वॅटच्या प्लेटांवर २० टक्के धरले तर १३२ वॅट. म्हणजे एका ३३० वॅटच्या प्लेटेचा दोनपंचमांश भाग. प्लेटांचे भाव गेल्या दहा-पंधरा वर्षांत इतके उतरले आहेत, की तेवढी वीज जास्त प्लेट लावूनच स्वस्त मिळते, आणि जास्तीची प्लेट वादळात चेन तोडत नाही. नुसती वीज वाढवायची म्हणून हे यंत्र करणे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

मग त्याने केले ते चुकले का? मला तसे वाटत नाही. जास्तीची प्लेट दुपारची वीज वाढवते, पण दुपारी पंप आधीच पूर्ण जोरात असतो. त्याला सकाळचे पाणी हवे होते, आणि दुपारी दोनला प्लेट फिरवायला माणूस नव्हता. ही गरज त्याने पैसे देऊन भागवली. पण ज्याची गरज ही नाही, त्याने त्याचे पाहून करू नये. माझ्या पहिल्या बैठकीत हा हिशोब फळ्यावर मांडला असता तर चांगले झाले असते.

मोटर हवीच तिथे

एक जागा अशी आहे जिथे सूर्यामागे फिरल्याशिवाय गत्यंतर नाही, ती म्हणजे ऊन एकवटणारी तबकडी. आपल्याच जिल्ह्यात शिर्डीच्या साई प्रसादालयात २००९ साली प्रत्येकी १६ चौरस मीटरच्या ७३ तबकड्या बसवून वाफेवर स्वयंपाकाची व्यवस्था सुरू झाली. या जातीच्या तबकडीला शेफलर तबकडी म्हणतात. वोल्फगांग शेफलर यांनी अशी पहिली तबकडी १९८६ साली केनियात उभी केली. तिचा आस पृथ्वीच्या आसाला समांतर ठेवलेला असतो, त्यामुळे तासाला १५ अंश अशा एकसारख्या गतीने ती फिरवली की उन्हाचा झोत एकाच ठिकाणी राहतो.

सूर्याची चकती आपल्याला अर्धा अंश रुंद दिसते आणि तेवढे अंतर सूर्य दोन मिनिटांत कापतो. प्लेटेला अर्धा तास चालतो, तबकडीला दहा मिनिटेही चालत नाहीत. झोत भांड्यावरून घसरतो. घसरलेला झोत जिथे पडेल तिथे वायर वितळवू शकतो, गवताला आग लावू शकतो, डोळ्यांनाही इजा करू शकतो. म्हणून शाळा, अंगणवाडी किंवा बचत गटासाठी अशी तबकडी घ्यायची असेल तर ती फिरवण्याची व्यवस्था आधी पाहावी. घरगुती जुळणी तिथे करू नये. या ठिकाणी हौशीला जागा नाही.

योजनेच्या पंपाला हात लावू नका

शेवटी एक कळकळीची सूचना. पीएम-कुसुम योजना २०१९ मध्ये आली, राज्याची "मागेल त्याला सौर कृषी पंप" योजना २०२४ मध्ये. या योजनांत सर्वसाधारण शेतकऱ्याने १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के वाटा भरून पंप मिळतो, पाच वर्षांची दुरुस्तीची हमी आणि विमाही असतो. असा पंप बसवलेल्यांनी वरचे यंत्र त्याला लावू नये. सांगाडा कापला किंवा वेल्डिंग केले की हमी आणि विम्याचा दावा अडचणीत येतो. शिवाय तिथे बऱ्याच प्लेटा एकामागे एक जोडलेल्या असल्याने काही शे व्होल्टची डीसी वीज असते. तिची ठिणगी घरच्या विजेसारखी लगेच विझत नाही आणि ऊन असेपर्यंत ती बंदही करता येत नाही. सांगाडा हाताने फिरवण्याची सोय दिली असेल, तर तेवढी मात्र जरूर वापरा. खिट्टीला वर्षातून दोनदा ग्रीस लावा. प्लेटा सकाळी थंड असताना साध्या पाण्याने धुवा. सावली धरणारी फांदी छाटा.

ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठ्याला सोलर पंप असेल तर ग्रामपंचायत अधिकारी आणि सरपंच यांनी पाणीपुरवठा कर्मचाऱ्याच्या रोजच्या कामात प्लेटा फिरवणे आणि पुसणे हे लिहूनच द्यावे. सांगाड्याला तशी सोय असेल तर सकाळी, अकराला आणि दोनला, अशा तीन रकान्यांची वही टाकीजवळ टांगावी. याला अंदाजपत्रक लागत नाही.

ज्याला हौस आहे, हात आहे आणि माझ्यासारखा कोणी सांगायला येण्याआधी वाऱ्याचा हिशोब मांडायची तयारी आहे, त्याने जरूर करावे. त्या पोराची तेरा जागांची वही आणि जोडणीचा कागद माझ्याकडे आहे. पुढच्या गावबैठकीला घेऊन येईन. पण क्रम ध्यानात ठेवा. आधी एक हंगाम हाताने फिरवून फायदा किती ते आपल्याच टाकीवर मोजा. मग मोटर. आणि मोटर आणण्याआधी, वादळात प्लेटा कोण आडव्या करणार हे ठरवा.

त्या घरी हे ठरलेले आहे. दोन वळवांत वडिलांनीच स्विच दाबला. परवा गेलो होतो तेव्हा त्यांना विचारले, "आप्पा, आता भरवसा बसला का यंत्रावर?" ते म्हणाले, "ते सूर्याकडं बघतं, मी ढगाकडं बघतो. दोघांचं बरं चाललंय."